अध्यक्षीणबाईंच्या फोटोवरचा हार

माझी सासू मेली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गावातल्या बऱ्याच जणांना अजूनही ती गेलीच असं वाटतं.

तिचं नाव सुलोचना. जन्मभर जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचला, आणि मध्येच एकदा, आरक्षणाची सोडत निघाली तेव्हा, नगरसेवक आणि मग नगराध्यक्ष झाली. त्या खुर्चीवर तिच्याआधी कोण कोण बसले होते? जिनवाले शेठ, मग टोपीवाले वकील, मग डॉक्टर. त्यांच्यामागून ही. तेव्हा नगरसेवकच अध्यक्ष निवडायचे. उपाध्यक्ष पुंडलिकरावांनी हिला पुढं केलं, कारण ही बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. आणि खरंच नाही बोलली. कारभार त्यांनी केला, सह्या हिनं केल्या.

सभागृहात अध्यक्ष आले की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, ही आमच्या नगरपरिषदेची जुनी रीत. शेठसाठी उठायचे, वकिलांसाठी उठायचे. ही दारात आली की पुंडलिकराव बसल्या जागेवरून म्हणायचे, "या बाई, बसा." मग बाकीचे कशाला उठतात! माझे सासरे हरिदास बाहेर सायकल धरून उभे असायचे. ते सांगायचे, ही प्रत्येक सभेला दारात जराशी थांबायची, मग आत जायची. ऐकून माझं डोकं फिरायचं. ती मात्र म्हणायची, "जाऊ दे व, खुर्ची तं भेटली ना."

मुदत संपली, ती परत जिनिंगमध्ये गेली. फोटो तेवढा सभागृहाच्या भिंतीवर राहिला.

पुढं निवडणुकाच थांबल्या, कित्येक वर्षं प्रशासकाचं राज्य. यंदा कुठं निवडणूक झाली आणि आकांक्षाताई थेट लोकांतून अध्यक्ष झाल्या. त्यांच्या पदग्रहणासाठी सभागृह रंगवलं, फोटो उतरवून पुन्हा टांगले. नव्या शिपायाला सांगितलं होतं, जे गेले त्यांना चंदनी हार घाल. शेठ गेलेले, वकील गेलेले, डॉक्टर गेलेले. त्यांच्या शेजारी ही बाई. त्यानं तिलाही घातला. विचारणार कोणाला? तिची आठवण कोणाला असती तर ना!

आम्हाला ते कळलं नळाची तक्रार द्यायला गेलो तेव्हा. सासू म्हणाली, "चाल, हॉल पाहू, रंगवला म्हनतेत." फोटोसमोर गेली आणि थांबली. मला वाटलं, हसेल. तिनं हळूच स्वतःच्या गळ्याला हात लावून पाहिला.

घरी मामंजींच्या फोटोला तसलाच हार आहे. त्याच्याकडे बघून म्हणाली, "आता आमचा जोडा जमला." आणि तिथून बिघडलं. सकाळची बुद्धवंदना सुटली. ताट पुढं केलं की सरकवायची, "मले भूक नाई लागून राह्यली." हाक मारली तर ओ देईना. बाजारात विमलाबाई भाजीवाली तिला पाहून मागं सरकली. "बाप्पा! अवो बाई, तुमचा तं हार पाह्यला म्या!" त्यानंतर तिनं उंबराच ओलांडला नाही. दिवेलागणीला मी घरात यावं, तर ही मामंजींच्या फोटोखाली भिंतीला टेकून, डोळे उघडे, पापणी हलत नाही. मी जवळ जाऊन श्वास बघायची. भीती वाटायची हो! तो हार उतरला नाही तर ही खरंच जाणार. थोडी थोडी जातच होती.

मी नगरपरिषदेत जाऊन भांडले. तिथले हेडक्लार्क, बडेबाबू, म्हणाले, "मॅडम, फोटो ठरावानं लागले आहेत. हाराचं पदग्रहणानंतर बघू."

"अहो, जिवंत आहे ती!"

"हो ना, आम्ही कुठं नाही म्हणतो?"

मग मात्र मी हट्टाला पेटले. पदग्रहणाच्या दिवशी तिला जवळजवळ ओढत नेलं आणि मागच्या रांगेत बसवलं. म्हटलं, आई, आज सगळ्या गावासमोर तुम्हाला दाखवते.

कार्यक्रम सुरू झाला. निवेदकानं माइक घेतला, "प्रथम दिवंगत माजी नगराध्यक्षांना श्रद्धांजली." शेठचं नाव आलं, वकिलांचं, डॉक्टरांचं. "आणि श्रीमती सुलोचनाबाई. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहावं."

खुर्च्या सरकल्या. सगळं सभागृह उभं राहिलं. मी ओरडणार तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार. ती एकटी बसून होती. पहिल्या रांगेत पुंडलिकराव काठीवर जोर देत, धापा टाकत उठले आणि त्यांनी मान खाली घातली. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकेकाच्या पाठीकडे बघत गेली.

सगळे बसले तसं माझं तोंड सुटलं. "अरे, ही काय बसली आहे इथं! कोणाला श्रद्धांजली वाहता?" एकच गोंधळ झाला. आकांक्षाताई धावत आल्या, "आजी, माफ करा, आत्ता काढतो हार." शिपाई स्टूल घेऊन पळाला. पुंडलिकराव मान वळवून बसल्या जागेवरून म्हणाले, "अरे वा, बाई! या, या, बसा."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग शिपायाला म्हणाली, "राहू दे बाबू तो हार. जित्ती होती तं यायच्यातला एक नाई उठला."

हार अजून तिथंच आहे.

घरी येऊन तिनं स्वतःहून ताट मागितलं. भाकर, वांग्याची भाजी, वरून पुन्हा भाजी. मी समोर बसून ढसाढसा रडत होते.

"काऊन रडून राह्यली व?" ती म्हणाली. "पुंडलिकरावले उठताना पाह्यलं नाई का तुनं?"