अंजनीच्या मुळाशी शाडू

बायकोच्या माहेरची अंजनी मी गणपतीच्या मातीत पुरली. 'लावली' असं लिहिणार होतो, पण पुढे जे झालं ते पाहता 'पुरली' हेच खरं.

आम्ही मूळचे पेणचे. घरच्या शाडूच्या मूर्तीचं बादलीत विसर्जन झालं की ती माती झाडाला घालायची, ही आमची रीत. त्या वर्षी आमच्या रोह्याच्या घराच्या अंगणात नवं रोपही हजर होतं. श्रीवर्धनकडे सासुरवाडीच्या मागे सडा होता, जांभ्या दगडाचा उघडा माळ. तिथे चिऱ्याची खाण सुरू झाली. जेसीबी फिरण्याआधी बायकोने हातभर अंजनी डब्यात घालून, एसटीतून मांडीवर धरून आणली. लहानपणी अंजनीच्या निळ्या फुलांसाठी ती त्या सड्यावर अनवाणी जायची. आता सडाच उरला नव्हता.

मी ऐसपैस खड्डा खणला, बादलीभर शाडू ओतला आणि वर रोज पाणी. जावयाने आणखी काय करायचं?

नवरात्रात पानं पिवळी पडली. मी पाणी वाढवलं. दसऱ्याला सोनं वाटून परतलो तर अर्धं रोप उघडं. बायको गळलेली पानं वेचून आत गेली. ती बोलत नाही तेव्हा आमच्याकडे कुकरही जपून शिट्टी देतो.

दिवाळीला मुलगी आली. ती मुंबईला भूगर्भशास्त्र शिकते.

"बाबा, तुम्ही हिला बुडवताय."

"अगं, गणपतीची माती आहे ती!"

"असू दे. चिकणमातीच ना?" ती पायरीवर बसली. "आपले डोंगर म्हणजे थंड झालेला लाव्हा. इथे रोह्याजवळ निडीच्या उतारावर तो काळा दगड झिजला, माती साठली, म्हणून तिथे साग आणि ऐन. आजोळी तोच दगड सपाटीवर लाखो वर्षं पावसाने धुतला. उरला तो लाल, भोकाभोकांचा जांभा. पाणी पडलं की खाली पळतं आणि उन्हाळ्यात नुसता तवा. साग तिथे टिकायचा नाही. अंजनीला तेच मानवलंय."

"आणि खाडीच्या चिखलात तिवरं," मीही अक्कल दाखवली.

"हां. तुम्ही अंजनीला तिवर समजलात."

रोप काढलं. मुळं काळी पडली होती. एका बाजूची थोडी अजून पांढरी, जिवंत होती. कुंपणाच्या कामातून उरलेले जांभ्याचे चिरे फोडायला घेतले आणि पहिला घाव माझ्याच अंगठ्यावर बसला. बायको आतून आली, हातोडा काढून घेतला आणि स्वतः फोडू लागली. शाडू उपसून खड्डा त्या तुकड्यांनी भरला आणि उरलेली काडी त्यात पुन्हा लावली. पाणी बंद. त्यानंतर रोज सकाळी ती चहाचा कप घेऊन त्या काडीशेजारी उभी राहायची. मी खिडकीतून बघायचो, बाहेर जायचा धीर नव्हता.

शिमग्याच्या सुमारास काडीच्या टोकाला तांबूस पानांची जोडी फुटली. मी आरडाओरडा करून तिला बाहेर बोलावलं. ती वाकली, पानाला बोट लावलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुमच्या घरच्यांचं प्रेम हे असंच. भरपूर. पण निचरा नाही."