ज्वारीवर केलेला सराव

अहमदपूरच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते, तेव्हाची ही गोष्ट. दुष्काळाचं ते तिसरं वर्ष होतं की चौथं, आता नीट सांगता येत नाही; ती वर्षं माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलीत. लातूरला रेल्वेनं पाणी आणत होते. आमच्याकडे टँकर यायचा, आणि तो आला की वर्ग चालू असतानाही अर्धी पोरं खिडकीकडे बघायची. घरी सांगायला कुणाला तरी पळावं लागायचं.

अशा वर्षात आमच्या शाळेची चार मुलं अमेरिकेला गेली. मी त्यांच्यासोबत होते. आमच्या घरात आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून शाळा अर्धवट कुणीच सोडली नव्हती, पण विमानात बसणारी मी पहिली. नांदेडहून वडिलांचा फोन आला, "पोरांचे पासपोर्ट तुझ्याजवळच ठेव," एवढंच बोलले. रेल्वेत नोकरी केलेला माणूस, त्यांचं प्रेम नेहमी सामानाच्या काळजीतून दिसायचं.

स्पर्धा होती प्रश्न सोडवण्याची. तिचे दोन भाग. पहिल्या भागाचा प्रश्न कित्येक महिने आधी मिळतो, मुलं त्यावर एक छोटं नाटुकलं बसवतात आणि त्यातली यंत्रं, पडदे सगळं स्वतः करतात. मोठ्या माणसानं एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. दुसरा भाग बंद खोलीत. तिथं गेल्यावरच काम कळतं, काही मिनिटांत उरकायचं. शिक्षकांना आत प्रवेश नाही, आणि शेवटचा संघ होईपर्यंत खोलीत काय झालं ते बाहेर कुणाला सांगायचं नाही.

पुण्याच्या निवड फेरीत बंद खोलीत तोंडी प्रश्न आला होता. आमची कप्तान बोलण्यात तयार. शेतकऱ्याची मुलगी, आठवीत होती, बाजार समितीत बापासोबत उभी राहून भाव ऐकत वाढलेली. तिनं तिथं सगळ्यांना गार केलं. पण परदेशात हातानं करायचं काम येऊ शकतं, हे मला माहीत होतं. कागद, चिकटपट्टी, स्ट्रॉ असलं काहीबाही देतात आणि एका भांड्यातलं दुसऱ्या भांड्यात न्यायला सांगतात. बहुतेक वेळा पाणीच.

म्हणून सराव हवा होता. पाणी मात्र नव्हतं. शाळेच्या टाकीला कुलूप होतं, मुलं घरून बाटली आणायची आणि ती दुपारपर्यंत पुरवायची. बादलीभर पाणी खेळायला द्या, असं मुख्याध्यापकांना म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मागितलं असतं तर कदाचित त्यांनी दिलंही असतं.

कप्तानच म्हणाली, "मॅडम, ज्वारी आणू का? घरी जुनी हाय."

मग आम्ही ज्वारीवर सराव केला. वर्तमानपत्राची पन्हळ करायची, ती दोन बाकांच्या मधे टेकवायची, वरून ज्वारी सोडायची. भसकन ओतली की दाणे तुंबायचे, म्हणून हळू सोडायची सवय लावली. खाली सांडलेला दाणा न् दाणा वेचून पोरं पुन्हा पिशवीत भरायची. महिन्याभरात त्यांचा हात असा बसला की मी मनातल्या मनात खूष झाले.

चौघांत दोन मुलगे, कप्तान, आणि एक देगलूरची मुलगी होती, शिकायला अहमदपूरला मावशीकडे राहायची. घरी आईशी तेलुगू, मावशीकडे मराठी, शाळेत गप्प. पण हातात कात्री आली की तिच्यासारखी तीच. यंत्रांतली अर्ध्याहून अधिक तिच्या डोक्यातून निघालेली. इंग्रजीचं मात्र तिला भारी भय.

निघालो त्या दिवशी नेमका बंद होता. नवा जिल्हा व्हावा म्हणून. कुठलं गाव जिल्ह्याचं ठिकाण होणार यावर दोन गावांत जुनं भांडण, आणि रस्ता दोघांनीही अडवलेला. आमची जीप थांबवली. एका पोरानं आत डोकावून विचारलं, "कुठं चाललाव?"

"अमेरिकेला," कप्तान म्हणाली.

तो हसायलाच लागला. मग त्यानं मागं वळून ओरडून सांगितलं, आणि टायर बाजूला झाले. एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "आपल्या जिल्ह्याचं नाव काढा बरं का."

"कोणत्या जिल्ह्याचं, आजोबा? तो झालाच न्हाई अजून," कप्तान म्हणाली, आणि रस्त्यावरची सगळी माणसं हसली. ते हसू मला हैदराबादच्या विमानतळापर्यंत पुरलं. वाटेत देगलूरला त्या मुलीची आई स्टँडवर उभी होती. तिनं डबा दिला, मुलीला तेलुगूत काहीतरी सांगितलं आणि माझा हात क्षणभर दाबून धरला.

अमेरिकेतलं ते मोठं विद्यापीठ, जगभरातली पोरं, एकमेकांशी टोप्या बदलत हिंडणारी. आमचं नाटुकलं दुष्काळी गावाचंच होतं. देगलूरच्या मुलीनं सायकलच्या चाकावर केलेलं यंत्र फिरलं तेव्हा परीक्षक खुर्चीतून उठून बघायला आले. मला वाटलं, आता काही अडत नाही.

दुसऱ्या दिवशी बंद खोली. मी बाहेरच्या ओळीत बसले. थोड्या वेळानं दार उघडलं. कप्तानच्या ओढणीचं टोक ओलंचिंब होतं. दोन्ही मुलगे जमिनीकडे बघत होते. देगलूरची मुलगी रडत होती, आवाज न करता.

"काय झालं गं?"

"सांगायचं न्हाई मॅडम," कप्तान म्हणाली. नियमच होता.

निकाल लागला. पहिल्या भागात आमचं नाव बरंच वर, दुसऱ्यात जवळजवळ तळाला. एकूणात कुठंच नाही. परतीच्या विमानात मी पुन्हा विचारलं, "आता स्पर्धा संपली की. आता सांगा."

कप्ताननं बाकीच्यांकडे पाहिलं. "न्हाई सांगायचं असं ठरलंय आमचं."

मी जास्त ताणलं नाही. देगलूरची मुलगी रडलेली मी पाहिली होती, त्यामुळे कारण मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं: इंग्रजी. आतल्या परीक्षक बाईचं बोलणं पोरांना कळलं नसणार. गावात सत्कार झाला, हार झाले, नंबर आला का असं विचारणाऱ्यांना मुख्याध्यापक "प्रवासाचा शीण झाला" म्हणून सांगत राहिले. पुढच्या वर्षी संघ गेला नाही. एवढा मोठा प्रवास गावाला एकदाच झेपणारा होता. मग माझी उमरीला बदली झाली आणि तिथल्या पोरांकडून मी वर्षानुवर्षं इंग्रजी घोटून घेतलं, फार कसून.

मागच्या वर्षी नांदेडच्या बसस्टँडवर कुणीतरी "मॅडम!" म्हणून हाक मारली. देगलूरची मुलगी. आता नर्स आहे, सरकारी दवाखान्यात. आम्ही चहा घेतला. बोलता बोलता अमेरिकेचा विषय निघाला आणि तिनं अगदी सहज सांगितलं.

खोलीत पाणीच होतं. दोन मोठे जग भरून, आणि पलीकडे टब. कागद, स्ट्रॉ, चिकटपट्टी. जेवढं पाणी टबात जाईल तेवढे गुण. सांडल्याला काही दंड नव्हता. "आम्ही आपली ज्वारीची पन्हळ केली. पाणी सोडलं की कागद भिजून बसला खाली. मी म्हणाले, कागद सोडा, जगच उचलून स्ट्रॉवरून भसाभसा ओतू, सांडलं तर सांडलं. त्या बाईनंबी हातानं खुणावलं, सांडू द्या म्हणून. समजलं होतं की आम्हाला, मॅडम. पण कुणाचा हातच होईना. आमच्या कप्तानच्या तर डोळ्यांत पाणी आलं. खाली बसून ओढणीनं फरशी पुसायली अन् जगात पिळायली. मग आम्हीबी पुसायलो. वेळ संपला तवा आम्ही चौघं खालीच होतो."

मी कप खाली ठेवला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं. ज्वारीवर तुम्हीच शिकवलं होतं ना." ती हसली. "आम्ही बाहेर यायच्या आधीच ठरवलं. कप्तानच म्हणाली, मॅडमला कळू द्यायचं न्हाई."

तिची देगलूरची गाडी लागली. ती माझ्या पाया पडली आणि गर्दीत शिरून खिडकीजवळची जागा धरली.

तेरा-चौदा वर्षांची लेकरं ती. परक्या देशात, ओल्या फरशीवर बसून त्यांनी आधी माझा विचार केला, आणि मी मात्र इतकी वर्षं त्यांच्या इंग्रजीची कीव करत होते. एक बादली. फक्त एकदा मागून बघायची होती.

घरी येऊन कप्तानला फोन लावला. ती पुण्यात असते, नोकरी, दोन वर्षांचं लेकरू. मी सगळं सांगितलं.

"अगं बाई, अजून लक्षात हाय का तिच्या?" ती मोठ्यानं हसली. मग मागून लेकराचा आवाज आला, ती त्याच्याशी काही बोलली, मला म्हणाली, "तुमची तब्येत कशी हाय मॅडम? गुडघे दुखायचे ना?" मी बरी आहे म्हणाले. आम्ही पावसाबद्दल बोललो, तिच्या वडिलांच्या सोयाबीनबद्दल बोललो. जे म्हणायला फोन केला होता ते मला काही केल्या म्हणता आलं नाही, आणि लेकरू रडायला लागलं म्हणून तिनं फोन ठेवला.