कपाटातलं घर

"थांबा, मिक्सर होऊ द्या," असं म्हणत आमचे जुने तंत्रज्ञ काका हात आडवा करायचे आणि आम्ही इंजिनिअर मंडळी निमूट थांबायचो.

मिक्सर कुठेच नसायचा. चाकणच्या आमच्या प्रयोगशाळेत होती ती नुसती लोखंडी कपाटं. त्यांतच आम्ही विजेचं खोटं जाळं उभं केलं होतं. एक कपाट म्हणजे छतावरचं सोलर पॅनेल, एक म्हणजे वीजवाहिनी, एक म्हणजे घर. बटण दाबलं की खोटा ढग यायचा, आणि गिऱ्हाइकाने तपासायला पाठवलेला इन्व्हर्टर अशा वेळी तग धरतो का ते बघायचं. घराचं कपाट हुबेहूब काकांच्या मोशीच्या घरासारखी वीज खेचायचं, कारण सुरुवातीला नमुना हवा होता तेव्हा त्यांनीच आपल्या मीटरवरची नोंद आणून दिली होती. पुढे त्यांची बायको वारली. कपाटातली मात्र रोज उठून पाण्याची मोटर लावत राहिली.

पडद्यावरची घराच्या विजेची रेघ उसळली की काका सांगायचे, "कूट चाललंय."

"चटणी कशावरून नाही?" मी मुद्दाम छेडायचो.

"चटणीला ती थांबून थांबून फिरवती. मधी वास घेती."

आधी आम्ही हसायचो, मग हसणं आपोआप बंद झालं.

तसा माणूस भलताच खडूस. पाना जागेवर नसला की अख्ख्या शिफ्टचा उद्धार व्हायचा. जेवायला कँटीनमध्ये कधी यायचे नाहीत. घराच्या त्या तापलेल्या कपाटाशेजारी स्टूल घेऊन एकटेच डबा खायचे. मला ते बघवायचं नाही.

त्यांच्या निवृत्तीच्या आधी वरून फर्मान आलं, जुनी नोंद काढा, आजच्या घराची घाला. मग एकदा काका माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "दुसऱ्याचं कशाला, साहेब? माझ्याच घराची घ्या परत." मलाही बरं वाटलं. निदान घर तरी त्यांचंच राहील.

नवी नोंद आली. नुकतीच लागलेली एक इंजिनिअर मुलगी ती बघत होती. रेघ जवळजवळ सपाट, फ्रिज तेवढा मधूनमधून हलत होता. तिला बिचारीला काय ठाऊक!

"सर, हे घर बंद दिसतंय," ती मला म्हणाली. "हा डेटा चालणार नाही."

काका मागेच उभे होते.

"बंद न्हाई, पोरी," ते हळूच म्हणाले. "मी असतो की तिथं."