बर्फातलं संत्र्याचं कलम

आमचे हे रेल्वेतून रिटायर झाले आणि आशागडच्या वाडीत रमले. वाडी म्हणजे चिकूची थोडीशी झाडं, पण ह्यांचा तोरा असा, की अख्ख्या डहाणूला चिकू लावायला ह्यांनीच शिकवलं. मुलगी नोकरीसाठी बर्फाच्या देशात गेली आणि तिथेच राहणार म्हणाली, तेव्हापासून ह्यांचं तिच्याशी बोलणं म्हणजे, "बरी आहेस ना? आईला देतो." संपलं. दोघंही एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे हट्टी, आणि मधल्यामध्ये माझा जीव टांगलेला.

मग तिने तिथल्या अंगणात संत्र्याचं झाड लावलं. कुंडीत नाही, उघड्यावर, जमिनीत. थंडी सोसणारी जात आहे, काटेरी रानटी खुंटावर बांधलेलं कलम आहे, असं ती मला सांगत होती. फोन स्पीकरवर होता. 'कलम' ऐकल्याबरोबर ह्यांनी पेपर खाली ठेवला. "खुंट कुठला म्हणाली ती?" त्या संध्याकाळी बापलेक किती बोलले म्हणून सांगू! माझी भाजी करपली, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर दर रविवारी व्हिडिओ कॉल. हिवाळा जवळ आला तशी ती तयारीला लागली. झाडाला गोणपाट गुंडाळायचं, बुंध्याशी पेंढा घालायचा, आत उबेसाठी बल्बची माळ सोडायची. ह्यांचा प्रत्येक गोष्टीत सल्ला. मी म्हटलं, "अहो, उंटावरून शेळ्या कशाला हाकताय? आपल्याकडे थंडी म्हणजे तुमची माकडटोपी!" ऐकतील तर ते हे कसले.

एक गोष्ट तर त्यांनी घोकूनच घेतली तिच्याकडून. "सांधा उघडा ठेव. बोटभरसुद्धा माती चढू देऊ नकोस." सांधा म्हणजे खुंटावर, खालच्या मुळं असलेल्या रानटी झाडावर, वरची फांदी जोडतात ती जागा. आमच्या वाड्यांमधून हेच सांगतात, कारण पावसाळ्यात सांध्यावर माती बसली की तो कुजतो. आमच्या जवळच्याच कैनाड गावातल्या एका ओळखीच्यांचं कलम तसंच गेलं होतं, तो दाखलाही देऊन झाला. पोरगी "हो बाबा" म्हणाली.

त्या वर्षी तिकडे थंडीने कहर केला. बर्फ वितळल्यावर तिने गोणपाट सोडलं, तर झाड वरपासून काळं पडलेलं. मी मनात म्हटलं, झाडाचं जाऊ दे, आता हे दोघं बोलणार कशावर?

पण काही आठवड्यांनी तिचा फोन आला तो हसतच. "बाबा, जगलं! खालून फुटलंय बघा!" तिने कॅमेरा जवळ नेला. कोवळी हिरवी पानं, तीन-तीन एकत्र, आणि हे लांब काटे. मी टाळी वाजवली. ह्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"बाळा, हा खुंट फुटलाय. आपल्याकडे चिकूचं कलम रायणीच्या रानटी झाडावर बांधतात ना, मग कलम मेलं की खालून रायणच येते. तसं आहे हे. संत्रं गेलं."

तिने एका काट्याला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "म्हणूनच इथे हिवाळ्याआधी सांध्यावर मातीचा ढीग करतात. वरचं थंडीने जळलं तरी मातीखालचा संत्र्याचा भाग वाचतो, तिथून पुन्हा फुटतो. मी वाचलं होतं, बाबा."

"मग केलं का नाहीस?"

"तुम्ही नको म्हणालात ना."

मला ह्यांचा असा राग आला! आणि त्याच वेळी ह्यांच्याकडे बघवेना. चेहरा पार उतरला होता.

"खुंट जिवंत आहे," हे शेवटी म्हणाले. "त्यावर संत्र्याच्या फांदीवरचा कोवळा डोळा काढून बसवू. ते मी तुला शिकवतो. पण थंडीतलं मला काही कळत नाही गं. ते तू मला सांगत जा, मी ऐकेन."

इतक्या वर्षांच्या संसारात 'मला कळत नाही' हे ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. तिकडे पोरीला रडू फुटलं. थांबेचना. हे गांगरून फोनमध्ये ओरडायला लागले, "अगं वेडे, एका झाडासाठी कुणी असं रडतं का?"