दाढेच्या खड्ड्यातली रक्ताची गाठ

"मिशेरी लावता का?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी मान हलवून नाही म्हटलं. दार उघडं होतं, बाहेर बाकावर दोन पुरुष बसले होते. तव्यावर तंबाखू जाळून मी रोज दोनदा दात घासते, हे त्यांच्या कानावर कसं घालायचं? अंजूरला आमच्या आळीत सगळ्याच बायका लावायच्या. पण मला लाज वाटली.

खालची दाढ काढली. मुळाशी पू होऊन हाड झिजलं होतं. बाईंनी खड्डा साफ केला, त्यात रक्त भरू दिलं, वर कागदासारखा पातळ पडदा ठेवून टाके घातले.

"वहिनी, हे रक्त गोठलं की त्याची गाठ होते. त्या गाठीतच हळूहळू हाड धरतं. हिरडीला घाई असते, ती हाडाच्या आधी खड्ड्यात घुसते, म्हणून मध्ये पडदा लावलाय. तो पुढे आपोआप विरघळेल. थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही. गाठ सुटली तर हाड भरणार नाही आणि शेजारची दाढ आत्ताच हलतेय, तीही जाईल."

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. माझ्या आईचे गाल चाळिशीतच आत गेले होते. ती तोंडावर पदर धरून जेवायची. मला तेच डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "अगो, तोंडात रगत धरून काय बसलीस? थुक ते. नासकं रगत हाय."

"डॉक्टरनी नको सांगितलंय, आई."

"ती काल जन्मली. मी पाच दाढा काढल्या, वर मिशेरी दाबली न् लगेच भात जेवले."

"म्हणून तर आता नुसता भातच जेवतेस," नवरा म्हणाला. सासूबाईंनी हातातला झाडू त्याच्यावर उगारला.

दोन दिवस मी लाळ गिळत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी झोप पुरती उडायच्या आत बोट मिशेरीच्या डबीत गेलं होतं. दुसऱ्या बाजूलाच लावते, असं मनाशी म्हटलं. पण तोंडाला पाणी सुटलं, आणि मिशेरीचं पाणी कोण गिळणार? मोरीत जोरात थुंकले. काळ्या पाण्यात लाल तार होती.

लाइट गेलेली. आरसा घेऊन दाराशी आले. टाक्याजवळ पांढरी कड दिसत होती. हाड, पडदा की पू, काही कळेना. घरात एकच मोबाइल, तो नवऱ्याबरोबर दापोड्याच्या गोडाऊनला गेलेला. असता तरी मी काय बोलणार होते? दवाखान्यात गेले तर खोटं उघडं पडेल, नाही गेले तर आतून सडत जाईल. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, तेही कळलं नाही.

बाजाराला जाते सांगून रिक्षात बसले. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी जबडा धरत होते.

खुर्चीत बसल्यावर बाई म्हणाल्या, "उघडा तोंड."

मी उघडलं नाही. आधी बोलले, "मी खोटं सांगितलं. मिशेरी लावते. आज लावली आणि थुंकले."

त्यांनी दिवा माझ्या तोंडावर ओढला. मग म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर पहिली ती बंद करायला लावली असती, पडदा नंतर. तंबाखूने जखमेला रक्त कमी पोचतं." बराच वेळ दिवा धरून बघितलं. "सगळी गाठ नाही सुटली. एका कडेची गेलीय, तिथे पडदा उघडा पडलाय. हाड भरेल की नाही, आता मी सांगू शकत नाही."

तेच वाक्य घेऊन मी पाच महिने काढले. मिशेरी सोडली. डोकं दुखायचं, सासूबाईंचे टोमणे असायचे, पण भीती त्याहून मोठी होती. भांडी घासताना, झोपेतसुद्धा जीभ तिकडे जायची आणि मी ती मागे ओढायचे.

पाच महिन्यांनी एक्स-रे काढला. खड्डा भरला होता. जिथली गाठ सुटली, तिथे मात्र खाच राहिली होती. बाईंनी शेजारची दाढ हलवून पाहिली. "टिकेल. पण दाखवत राहायचं."

"या बाजूने चावू?" मी विचारलं.

"चावा की. त्यासाठीच तर केलं."

त्या संध्याकाळी जेवताना घास तिकडे नेला, आणि दात मिटायच्या आत पुन्हा इकडे घेतला. नंतरही कित्येक दिवस तसंच करत होते.