पुठ्ठ्याच्या पट्ट्यांतला मोर

मुलांनो, दर रविवारी फोनवर मी तुम्हाला तीन बातम्या वाचून दाखवते: एक कलेची, एक तंत्रज्ञानाची, एक विज्ञानाची. गेले दोन रविवार बरं नाही म्हणून टाळलं. ते खरं नव्हतं. आता तुम्ही डॉक्टरकडे जा म्हणून मागे लागलात, तेव्हा लिहूनच कळवते.

कात्रणं तयार होती. त्यातलं एक, सांगितल्याबरोबर नक्षी काढून देणाऱ्या संगणकाचं, मी शेजारच्या अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा तेलुगू घरातले. चादरींच्या नक्ष्या पाडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ते हसले.

"बाई, आमच्याकडे पण कॉम्प्युटर होता की. पुठ्ठ्याचा."

माळ्यावरून त्यांनी गाठोडं काढलं. आत दोरीत ओवलेल्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या. एक पट्टी म्हणजे विणीची एक ओळ. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो. पट्ट्या क्रमाने मागावरून फिरल्या की चादरीवर मोर उतरायचा. तो अण्णांनी स्वतः रचलेला. माग भंगारात गेला, चादरी विकल्या गेल्या. मोर उरला होता तो या पट्ट्यांतच.

तुम्हाला फोटो पाठवायचा म्हणून मी गाठोडं घरी आणलं. पट्ट्यांवर धूळ, दोरी कुजलेली. मी दोरी कापली, एकेक पट्टी ओल्या फडक्याने पुसली, पंख्याखाली वाळवली आणि नीट गठ्ठे बांधले. कोपऱ्यातले पेन्सिलीचे फिकट क्रमांक मला डाग वाटले, तेही पुसले गेले.

गाठोडं न्यायला अण्णा बायकोबरोबर आले आणि त्यांनी एक गठ्ठा सोडून पाहिला. "लई स्वच्छ केलंत की, बाई! मोर पण धुऊन काढलात."

त्यांच्या बायकोने त्यांना तेलुगूत दटावलं आणि मला म्हणाली, "मनावर घेऊ नका हो. घरात माझ्यावर पण यांची जीभ अशीच चालते." मी माफी मागितली. अण्णा चहा न घेता गेले.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. "पुसलंय तुम्ही, लावायचं पण तुम्हीच. बसा."

आता रोज दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसतो. अण्णा भोकांवरून बोट फिरवतात, कुठल्या पट्टीमागे कुठली ते सांगतात, आणि मी शाईने आकडा घालते. पिसाऱ्याच्या पट्ट्या फार सारख्या आहेत. त्यांचा क्रम अण्णांनाही आठवत नाही.

तुरा, चोच आणि मान शाबूत आहेत.