काकाचा खोकला आणि गावचे राब

नव्वदच्या दशकातला एक उन्हाळा. माझा काका ठाण्याहून गावी आला, मुरबाडहून आलेल्या एसटीतून उतरला तो खोकतच. ठाण्यात कारखान्यामागं त्याची पत्र्याची खोली. दिवसा पत्रा तापायचा, रात्री चिमणीचा धूर आत यायचा. आईला म्हणाला, "वहिनी, दम लागतो म्हणून बसून झोपतो. एकदा आडवं पडून झोप लागू दे, बास." डॉक्टरनं गावच्या हवेत राहायला सांगितलं होतं.

डोंबलाची हवा! हे राब भाजायचे दिवस. भाताचं रोप जिथं टाकायचं तिथं शेण, पाला, फांद्या रचून पेटवायच्या. रोज कुणाचा ना कुणाचा राब पेटलेला, नि काका ओटीवर खोकून बेजार.

मग गावाला दया आली. शेजारचे आजोबा म्हणाले, "रोज रोज त्याला छळायचा नाय. समद्यांनी एकाच दिशी उरकू." झालं! अख्ख्या गावानं एकदम काडी लावली. शेजारचं घर दिसेना. वडलांनी त्याआधीच काकाला म्हसा गावी ओळखीच्यांकडं धाडला होता. दुपारच्या गाडीनं तो परत हजर, केसांत राख, डोळे लालभडक. "दादा, तिथंबी आजच भाजतायत रे!" आम्हाला हसू आवरेना. आई मात्र आमच्यावर जाम चिडली.

दुसऱ्या दिवशी धूर निवळला. दुपारी काका आंब्याखाली गोधडीवर चक्क आडवा झाला. गल्लीतल्या बायका कोंबड्यासुद्धा गुपचूप हाकलत होत्या. मीही पोरांना दटावून पिटाळलं.

आई भांडी घासता घासता थांबली. कान देऊन ऐकू लागली. आल्यापासून त्या खोकल्याची इतकी सवय झालेली, की घर एकदम सुनं वाटायला लागलं. ती राखेच्या हातानं तशीच धावली, काकाच्या नाकाशी बोट धरलं, तरी भरवसा वाटेना म्हणून त्याला गदागदा हलवलं. "भावजी! अवो भावजी!"

काका धडपडून उठला. "काय झालं? काय पेटलं?"

"काय नाय," आई रडायलाच लागली. "तुमचा आवाज नाय आला, मला भलतंच वाटलं."

"वहिनी, किती महिन्यांनी डोळा लागला व्हता गो!" काका कळवळून म्हणाला.

आईनं पदरानं डोळे पुसले, गोधडी नीट केली. म्हणाली, "झोपा, झोपा. पण मधनंमधनं जरा खोका."